दुखायच्या आधीची भेट

1578 च्या डिसेंबरात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ दाढदुखीने हैराण झाली होती. रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही. पण दाढ काढायचं नाव निघालं की ती हटून बसे. तिला सक्ती करायची हिंमत दरबारात कुणाला होणार? शेवटी लंडनचा बिशप जॉन एल्मर पुढे झाला. त्याचं वय उतरणीला लागलेलं, तोंडात थोडेच दात शिल्लक. त्यातला एक त्याने राणीच्या डोळ्यांदेखत काढून घेतला. ते पाहिल्यावर तिने आपली दाढ काढू दिली. एल्मरच्या चरित्रात ही हकिकत नोंदलेली आहे.

राणीची भीती रास्त होती. तेव्हा दात काढायचा तो पूर्ण शुद्धीत, बधिर करण्याच्या औषधाविना. शस्त्रक्रिया वेदनेविना होऊ शकते, हे बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन सर्वांसमोर दाखवलं ते 1846 मध्ये. पुढे 1943 मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं, आणि आज तालुक्याच्या गावातल्या साध्या दवाखान्यातही दाढ बधिर करायला बहुधा तेच वापरतात. तरीही शिकलेली, धीराची, एरवी कशाला न बिचकणारी माणसं दाताच्या दवाखान्याची पायरी चढायचं वर्षानुवर्षं टाळतात. त्यांना भित्रं ठरवणं अन्यायाचं आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांना पूर्वी कधीतरी खुर्चीत खरोखरच दुखलेलं असतं. ते का दुखलं, हे मात्र त्यांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे घरोघरी दाढदुखीचा क्रम ठरलेला आहे. आधी गार पाण्याने सळक येते. त्या बाजूने चावणं बंद होतं. मग एका रात्री ठणका सुरू होतो. दाढेत लवंग धरली जाते, सकाळी मेडिकलमधून गोळी येते. चार-सहा दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि घरात सगळे निश्चिंत होतात. हाच खरा धोक्याचा टप्पा. दुखणं थांबतं ते अनेकदा दाढेच्या आतली नस मेल्यामुळे. कीड तिथेच असते, आता ती मुळाच्या टोकाशी पू करत असते. काही महिन्यांनी गाल सुजतो आणि मग नाइलाजाने दवाखाना गाठला जातो. सुजलेल्या, पू झालेल्या जागेतला द्रव आम्लधर्मी झालेला असतो आणि अशा जागी बधिर करणारं औषध नीट काम करत नाही. सुई देऊनही दुखतं. घरी परतलेला माणूस सांगतो, ‘मरण परवडलं, पण दाताचा डॉक्टर नको.’ ऐकणारे आणखी उशीर करतात.

स्वीडनमधले दंतवैद्य उल्फ बर्गग्रेन यांनी 1984 मध्ये हे चक्र नेमकं मांडलं होतं: भीतीने टाळणं, टाळल्याने तोंडाची अवस्था बिघडणं, बिघडलेलं तोंड दाखवायची लाज वाटणं आणि लाजेने पुन्हा टाळणं. हे चक्र तोडायची सगळ्यांत सोपी जागा म्हणजे पहिली भेट. ती काही दुखत नसताना घ्यावी. त्या दिवशी सुई नाही, मशीन नाही, काही काढणं नाही; फक्त बोलणं, आरशाने तोंड पाहणं आणि लागलाच तर एक एक्स-रे, एवढंच करायचं. वेळ घेताना फोनवरच तसं सांगावं: ‘मला दाताच्या उपचारांची फार भीती वाटते. पहिल्या दिवशी फक्त तपासून घ्यायचंय, काही करायचं नाही.’ या वाक्यावर पलीकडून काय उत्तर येतं, त्यावरून त्या दवाखान्याबद्दल पुष्कळ कळतं. ‘या की, काही हरकत नाही’ असं उत्तर आलं तर जावं. कुणी हसलं किंवा ‘भ्यायचं काय त्यात’ म्हणून उडवून लावलं, तर दुसऱ्या दवाखान्याचा नंबर लावावा.

गाल सुजून सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तोंड उघडत नसेल, तर मात्र भीतीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवं. असा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

भीती कशाची, हे एकदा स्वतःशी नीट ठरवलं की निम्मं काम होतं. दंतवैद्यकात भीती मोजायला पाच प्रश्नांची एक पट्टी वापरतात. उद्या दवाखान्यात जायचं असेल तर कसं वाटेल? बाहेर नंबराची वाट पाहत बसल्यावर? दात कोरायची वेळ आली तर? दात साफ करून घेताना? वरच्या दाढेजवळ हिरडीत सुई देताना? प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण द्यायचे. बेरीज 19 किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र समजतात. हे पाच प्रश्न कागदावर लिहून घरीच सोडवावेत आणि कागद डॉक्टरांच्या हातात द्यावा. तोंडाने सांगताना घसा दाटून येतो अशांना तर हा फार सोयीचा मार्ग आहे.

ज्यांना सुईची धास्ती आहे त्यांनी एवढं मागून घ्यावं: आधी हिरडीवर बधिर करणारी जेल किंवा स्प्रे लावा आणि औषध सावकाश सोडा. दाताची सुई बारीक असते. टोचण्यापेक्षा औषध घाईने आत ढकलल्याचा ताण जास्त दुखतो. औषधात बहुधा थोडं ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे सुईनंतर एक-दोन मिनिटं छाती धडधडू शकते. हे माहीत नसलेला माणूस ‘मला हे औषध सोसत नाही’ असा समज कायमचा करून घेतो. धडधड झाली तर तसं सांगावं, म्हणजे डॉक्टर लक्ष ठेवतील; हृदयाचा विकार किंवा रक्तदाब असेल तर ते मात्र सुईच्या आधीच कळवलेलं हवं. मग डॉक्टर विचारतात, ‘ओठ जड झाला का? मुंग्या येतायत का?’ इथे भिडेखातर ‘हो’ म्हणू नये. जड झाला नसेल तर तसं सांगावं. थोडं थांबता येतं, आणखी औषध देता येतं.

आपल्याकडे, विशेषतः बायकांना, सोसायची सवय लहानपणापासून लावलेली असते. खुर्चीत डोळ्यांतून पाणी येतं, मुठी आवळल्या जातात, पण तोंडातून आवाज निघत नाही. अशा वेळी समोरच्याला कळतच नाही की औषध कमी पडलंय. सोसणं हा उपचाराचा भाग नाही. सुरू करण्याआधीच खूण ठरवून घ्यावी: डावा हात वर केला की थांबायचं, लगेच. एकदा उगाचच हात वर करून पाहावा. डॉक्टर खरंच थांबले की शरीराला विश्वास येतो. पुष्कळांची खरी भीती दुखण्याची नसते. तोंड उघडं, पाठ आडवी, बोलता येत नाही, आणि पुढे काय होणार ते आपल्या हातात नाही, याची असते. वर जाणाऱ्या हाताने तो ताबा थोडा परत मिळतो. ‘मशीन पाच सेकंद चालवून थांबा’ अशीही विनंती करता येते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. बधिर केल्यावर वेदना जाते, दाब जात नाही. दाढ काढताना ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं आणि करकर असा आवाज हाडातून कानापर्यंत पोहोचतो. तो आवाज म्हणजे दुखणं नव्हे. पण दाब आणि दुखणं यातला फरक आधी कुणी समजावलेला नसेल, तर घाबरलेलं मन दाबालाच वेदना समजून बसतं.

मशीनच्या आवाजाने ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांनी इअरफोन लावून आवडीचं काही ऐकायला काहीच हरकत नसते. फक्त डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईल इतका आवाज ठेवावा. 1957 मध्ये बाजारात आलेलं एअरोटर हे यंत्र मिनिटाला सुमारे 3 लाख फेरे घेतं, आणि ती किंचाळी त्या वेगाची असते. त्याआधीच्या संथ यंत्रांनी दाताला बसणारे हादरे बरेच जास्त होते. दवाखान्याच्या विशिष्ट वासाचंही असंच आहे. काही जणांच्या पोटात तो वास येताच गोळा येतो. त्यातला मोठा भाग असतो युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाचा. दाढेत भरायच्या काही औषधी मिश्रणांत तो असतो. मसाल्याच्या डब्यातल्या ओळखीच्या लवंगेचाच हा वास आहे, हे कळल्यावर त्याचा धसका थोडा ओसरायला मदत होते.

काही माणसं सुई किंवा रक्त पाहून चक्क भोवळ येऊन पडतात. त्यांना ‘दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला उपयोगी पडत नाही, कारण त्यांचा रक्तदाब त्या क्षणी एकदम उतरतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी अशांसाठी उलटी रीत शिकवली. हात, पाय आणि धड यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब आली की सोडायचे, अर्धा मिनिट थांबून पुन्हा आवळायचे, असं पाचेक वेळा. घरी आठवडाभर सराव करून मग दवाखान्यात वापरावं. बाकी ज्यांची छाती धडधडते पण भोवळ येत नाही, त्यांना श्वासच कामाला येतो. नाकाने घ्यावा आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडावा. तोंडात काही घातलं की उमासे येणाऱ्यांनीही नाकाने श्वास घेण्यावर लक्ष ठेवावं, आणि ही अडचण आधी सांगावी. कवळी किंवा कॅपसाठी माप घेताना घशाशी येणाऱ्या लगद्याऐवजी काही ठिकाणी आता छोट्या कॅमेऱ्याने माप घेतात.

लाजेचा प्रश्न भीतीपेक्षा अवघड आहे, कारण लाज कुणी बोलून दाखवत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी बायका मशेरी लावतात. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दात घासायच्या निमित्ताने सुरू होते आणि मग दिवसातून चार-चार वेळा लागते. घरातल्या पुरुषांना माहीत असतं, पण डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं तर काळे दात, झिजलेल्या मुळ्या दिसणार. पुरुषांमध्ये तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण त्याने रंगलेले दात अजून दिसतातच. कुणाला तोंडाच्या वासाची लाज, कुणाला पुढचा दात नसल्याची, कुणाला दहा वर्षांत दवाखान्यात न गेल्याची. चारचौघांत हसताना तोंडापुढे हात किंवा पदर धरायची सवय लागते ती यातूनच.

डेंटिस्ट रोज अशीच तोंडं पाहत असतो. निरोगी दातांची माणसं त्याच्याकडे क्वचित येतात. तोंडाला येणारा वास बहुतेक वेळा जिभेवरच्या थरातून आणि सुजलेल्या हिरड्यांतून येतो, म्हणजे तो उपचाराने जाणारा आहे. घासून घासून रात्रीत दात पांढरे करायच्या नादाला लागू नये. त्याने हिरड्या सोलवटतात आणि डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही. लाजेचं कारण पहिल्याच मिनिटात स्वतःहून सांगून टाकावं: ‘मी वीस वर्षं मशेरी लावते, दात खराब झालेत, मला तोंड दाखवायला लाज वाटते.’ समजूतदार डॉक्टरचा सूर त्यानंतर बदलतोच. आणि ज्याचा बदलत नाही, जो इतर पेशंटांसमोर खरडपट्टी काढतो, त्याच्याकडे पुन्हा जायची सक्ती कुणावर नाही. पुरुष डॉक्टरसमोर खुर्चीत आडवं व्हायचा संकोच वाटत असेल तर सोबत बहीण, मुलगी किंवा मैत्रीण आत बसू शकते, महिला डॉक्टर मागता येते. खुर्ची थोडी उभी ठेवा म्हटलं तरी अनेक कामं होतात.

तंबाखू-सुपारीची बाब लपवू नये, याला आणखी मोठं कारण आहे. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात बऱ्याचदा न दुखणाऱ्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याने होते, आणि तो आरशाने आधी दिसतो तो दाताच्या डॉक्टरला. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, तिखट सोसेनासं होणं, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात न जाणं, यातलं काहीही असेल तर दात दुखत नसले तरी जायला हवं. लवकर सापडलेला चट्टा आणि उशिरा सापडलेली गाठ यांच्या उपचारांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. लाजेपायी हे अंतर वाढू देणं फार महागात पडतं.

काही समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत आणि भीतीला त्यांचाच आधार मिळतो. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा त्यातला सगळ्यांत चिवट. दाताची नस आणि पाहायची नस वेगळ्या. दाढ काढल्याने दृष्टी कमी होत नाही. ज्या वयात दाढा पडायला लागतात त्याच वयात चष्म्याचा नंबर वाढतो आणि मोतीबिंदू येतो, म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. दुसरा समज, ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात.’ दातांवर वर्षानुवर्षं साचलेलं कीटण भिंतीच्या फटींत भरलेल्या मातीसारखं असतं. ते निघालं की आधीच झिजलेल्या हिरडीमुळे पडलेली फट उघडी दिसते. चार-आठ दिवस गार-गरम झोंबतं, मग हिरडी आवळते. दाढेशेजारी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवायची सवयही सोडायला हवी, तिने हिरडी भाजते.

पैशाची लाज तर कुणी मान्यच करत नाही. ‘किती होतील?’ हे विचारायला जीभ अडखळते आणि माणूस दवाखान्यातच जात नाही. तपासणीनंतर कुठल्या दाताला काय करायचं, कशाची घाई आहे, काय सहा महिने थांबू शकतं आणि प्रत्येकाचा खर्च किती, हे कागदावर लिहून मागावं. ‘आज एवढेच पैसे आहेत, यातलं आधी काय करू?’ हा प्रश्न विचारण्यात कमीपणा काहीच नाही. शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती आहेत. मुंबई सेंट्रलजवळ महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, फेऱ्या वाढतात. पण घाबरलेल्या माणसाला ही सावकाश गती अनेकदा मानवते. भोवती जास्त विद्यार्थी नकोत, असं वाटलं तर तसं सांगायला संकोच करू नये. रस्त्याकडेला कवळी विकणाऱ्या, दात बसवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. कायद्याने दंतवैद्याला नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र कुठे आहे हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

ठरलेल्या दिवशी सकाळची वेळ घ्यावी. दिवसभर धास्तीत काढून संध्याकाळी गेलं की तोवर अंगातलं त्राण संपलेलं असतं. साध्या बधिरीकरणासाठी उपाशी जायचं नसतं. नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊन जावं. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, गर्भारपण, हे सगळं चिठ्ठीवर लिहून न्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सोबतीला असा कुणी न्यावा ज्याला स्वतःला भीती वाटत नाही. राणी एलिझाबेथला धीर आला तो बिशपच्या उपदेशाने नव्हे, त्याला डोळ्यांसमोर सहीसलामत पाहिल्याने. शेजारची वहिनी दात साफ करून घेत असताना बाजूला बसून पाहता आलं, तर तेही मोलाचं.

एवढं करूनही पाय उचलत नसेल, तर ती हट्टाची बाब नाही, तिला उपचार आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये 130 भीतीग्रस्त रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. विचार आणि वागणं टप्प्याटप्प्याने बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत त्यांच्यासाठी वापरली होती. सरासरी पाच भेटींनंतर 79 टक्के रुग्णांनी गुंगीच्या औषधाशिवाय दातांचे उपचार करून घेतले. गुंगी लागली ती फक्त 6 टक्क्यांना. मोठ्या शहरांत समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ आणि डेंटिस्ट यांनी मिळून अशी मदत करणं शक्य आहे, फक्त ती मागायला हवी. काही दवाखान्यांत नायट्रस ऑक्साइड वायू हुंगायला देऊन मन शांत करतात. माणूस जागा असतो, बोलू शकतो, आणि वायू बंद करून ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत पूर्ववत होतो. भीती कमी करणारी गोळी घ्यायची तर ती डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावी, आणि त्या दिवशी दुचाकी चालवू नये.

घरात लहान मूल असेल तर त्याच्या कानावर काय पडतं, याकडे आजपासून लक्ष द्यावं. ‘चॉकलेट खाल्लंस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी मूल वर्षानुवर्षं विसरत नाही. पहिली भेट वर्षाच्या आसपास, दुधाचे दात येऊ लागले की व्हावी; तेव्हा नुसतं आईच्या मांडीवर बसून तोंड दाखवायचं असतं. आईला किंवा बाबांना स्वतःला दरदरून घाम फुटत असेल, तर मुलाला आजोबांसोबत, मावशीसोबत पाठवावं, म्हणजे मोठ्यांच्या चेहऱ्यावरची भीती मुलापर्यंत पोहोचत नाही. जाताना ‘अजिबात दुखणार नाही’ असं वचन देऊ नये, कारण थोडं जरी दुखलं तरी मुलाचा पुढच्या वेळी विश्वास बसत नाही. ‘डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत, काही टोचलं तर हात वर कर, ते थांबतील’ एवढंच सांगावं, आणि तसंच करायला डॉक्टरांनाही आधी सांगून ठेवावं.